कॅसेटला फुंकर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडिओ गेमच्या वार्षिक पुरस्कारांच्या निमित्ताने जुन्या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. वाचकांच्या आवडत्या गेममध्ये मारिओ, काँट्रा, टँकवाला ‘बॅटल सिटी’ आणि ‘डक हंट’ वर आले यात नवल नाही. पण ‘माळ्यावरची गेमची पेटी काढा, नव्या टीव्हीला जोडा, चालली नाही तर कॅसेटला फुंकर मारा’ हा सल्ला कुणी जसाच्या तसा पाळला, तर इतकी वर्षं टिकलेली पेटी एका दुपारीत निकामी व्हायची.

सर्वांत आधी ॲडॉप्टर, कारण पेटी बहुधा तिथेच मरते. आपल्याकडच्या बहुतेक पेट्या म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. त्यांना साधारण ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पुष्कळ पेट्यांत पिनच्या आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. आज घरात पडून असलेला राउटरचा ॲडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि नेमका उलटा, म्हणजे आत धन. पिन मात्र व्यवस्थित बसते, तिथेच घात होतो. उलटा प्रवाह अडवणारा डायोड आत नसेल तर चिप जाते. ध्रुवता, म्हणजे धन-ऋण, जुळली तरी १२ व्होल्ट बरे नव्हेत. आतला ७८०५ रेग्युलेटर ५ व्होल्ट पुढे सोडतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. ती उष्णता बाहेर टाकणारा पत्रा इवलासा, त्यामुळे काही वेळाने चित्र विस्कटू लागतं. पेटीच्या तळाशी गोल आणि अधिक-उणे दाखवणारी खूण असते, ती पाहा. पुसली असेल तर वायर काढून पेटी उघडा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप वाजतो त्या खुणेवर) ठेवून मोठ्या, डबीसारख्या कपॅसिटरचा पट्ट्याकडचा पाय सॉकेटच्या कोणत्या टोकाशी जोडलेला आहे ते तपासा. ते टोक ऋण.

आता फुंकर. तिने गेम ‘चालायचा’ तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. त्या हालचालीत पिना नव्या जागी घासल्या जातात. तोंडातली वाफ मात्र तांब्यावर बसते आणि पुढे हिरवट थर धरतो. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं. खरा इलाज स्वस्त आहे: मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांहून वरचं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतं. कानाच्या काडीवर दोन-तीन थेंब घेऊन पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नको. काडी काळी निघायची थांबेपर्यंत काड्या बदला आणि दहा मिनिटं वाळू द्या. थर हट्टी असेल तर पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने, एकदाच. थिनर, पेट्रोल, सँडपेपर यांचं कामच नाही. मग पेटी बंद ठेवून तीच स्वच्छ कॅसेट आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की पेटीतला सॉकेटही बराच साफ होतो.

नेमकं काय बिघडलंय ते पडद्यावरूनच कळतं. कॅसेटच्या ६० पिनांत गेम चालवणारा भाग आणि चित्रं पुरवणारा भाग वेगळे आहेत. संगीत वाजतंय, मारिओ उडीही मारतोय, पण विटांच्या जागी चुकीची अक्षरं दिसतात? मग चित्रांकडच्या पिना मळल्यात. नुसता करडा किंवा एकाच रंगाचा पडदा आला तर बहुधा गेम चालवणाऱ्या भागाच्या. दोन्ही वेळा उपाय तोच, पण ‘पेटी गेली’ म्हणून भंगारात टाकायची घाई होत नाही. रिमोटचं बटण दाबूनही ऐकत नसेल तर आतल्या रबराखालची काळी कार्बनची टिकली पुसा. झिजली असेल तर ८बी पेन्सिलने गडद करा, काही महिने निभावतं.

टीव्हीला जोडताना अँटेनाच्या वायरपेक्षा पिवळी एव्ही वायर बरी. काही नव्या टीव्हींना ती थेट लागत नाही, तेव्हा एव्ही ते एचडीएमआय असा छोटा डबा लागतो. बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा ‘डक हंट’ मात्र त्यानेही चालणार नाही आणि त्यात बंदुकीचा दोष नाही. घोडा ओढला की एका फ्रेमपुरता, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रापुरता, पडदा काळा होतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला काळ्यानंतर उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तरच नेम लागला. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात काही फ्रेम घालवतो, तोवर गेमने ‘चुकला’ म्हणून त्यातल्या कुत्र्याला हसायला पाठवलेलं असतं. बदकं पाडायची असतील तर जुना काचेच्या नळीचा टीव्हीच हवा.

लेखात मारिओच्या वेळेविषयीही गडबड आहे. घड्याळातले ४०० म्हणजे ४०० सेकंद नव्हेत. एक आकडा २४ फ्रेमना पडतो. अमेरिकन-जपानी ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, ४०० म्हणजे १६० सेकंद. तोच गेम ५० हर्ट्झच्या पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) पेटीवर १९२ सेकंद घेतो, म्हणजे मारिओ तिथे सावकाश पळतो. तेव्हा पाल पेटीवर खेळलेल्यांनी यूट्यूबवरचे विक्रम पाहून निराश होऊ नये.

एकाच कॅसेटमध्ये ९९९९ गेम असल्याचं सांगणाऱ्या ‘९९९९ इन १’ला लेखकाने फसवणूक म्हटलंय. फसवणूक खरीच, पण काय हुशारीची! मारिओ अवघ्या ४० केबीचा, बॅटल सिटी २४ केबीची. असे मोजके गेम भरायचे आणि यादीतली प्रत्येक ओळ त्याच गेमच्या वेगळ्या लेव्हलला किंवा जास्तीच्या जीवांवर उडी मारते.

पुरस्कारांचं म्हणाल तर वर्षाचा सर्वोत्तम गेम ‘जगभरातले चाहते’ ठरवत नाहीत. ९० टक्के वजन पत्रकार-समीक्षकांच्या ज्युरीचं, चाहत्यांच्या मतांचं फक्त १०. २०२४ मध्ये सोनीचा ‘ॲस्ट्रो बॉट’ जिंकला तेव्हा त्याचे दिग्दर्शक निकोला दूसे यांनी नाव न घेता निन्टेन्डोला मानवंदना दिली, हे प्रतिस्पर्धी सोनीच्या गोटातून आलेलं कौतुक लेखात हवं होतं. आणि जुने गेम ‘कुठेही विकत मिळतात’ हेही खरं नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेले ८७ टक्के जुने गेम आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. म्हणून तर कॅसेट जपायची.

शेवटी काँट्राचा ३० जीवांचा कोड, जो लेखाच्या चौकटीत चुकीचा छापला आहे. शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, मग स्टार्ट. दोघे खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला, कारण चाचणी घेताना तो गेम त्यांनाच झेपेना. दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी