नवोदय प्रवेश परीक्षा : पाचवीच्या पालकांसाठी सूचना

पालकहो, पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि ही परीक्षा मुलांना एकदाच देता येते. म्हणून फॉर्म शेवटच्या दिवसावर ढकलू नका. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा दाखला अपलोड करण्याआधी त्यावरची जन्मतारीख नीट तपासा. अर्जातली विद्यार्थ्याची सही मुलालाच करू द्या. तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झाली असेल तरच ‘ग्रामीण’ निवडा. किमान ७५ टक्के जागा तिथे आहेत. अर्जाला फी नाही.

दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे. आकृत्यांचा सराव रोज घ्याच, मुलं तिथेच अडतात. चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, हे आवर्जून सांगा.