आमच्या साउंडवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

व्याख्यानमालेच्या समारोपाला आभाराची यादी ठरलेली असते. अध्यक्ष, पाहुणे, देणगीदार, नगरपालिका, आणि लोक चपला शोधायला उठले की घाईघाईत ‘मंडप व ध्वनिव्यवस्था’. एवढ्यात तुम्हाला उरकतात. म्हणून हे जाहीर पत्र.

आम्हा मुलांना वक्तृत्व म्हणजे ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ इथून एका दमात सुटायचं, मध्ये कवितेच्या चार ओळी पेरायच्या आणि शेवटी हात उंचवायचा, असं शिकवलं होतं. बक्षिसंही त्यालाच मिळत. तुम्ही मात्र स्पर्धा संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता विचारलंत, “छान बोललास रे, पण कुणाला सांगत होतास?”

पुढे तुमच्या अँप्लिफायरशेजारच्या स्टुलावर बसून जे शिकलो, ते कुठल्याही शिबिरात मिळालं नसतं. माइकवर टिचक्या मारायच्या नाहीत, फुंकर घालायची नाही. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवायचं. ‘फ’ आणि ‘भ’ला फटका बसतो, तेव्हा मान किंचित तिरकी. शिट्टी वाजली तर माइक मुठीत झाकायचा नाही, त्यानं ती वाढतेच. आणि “आवाज वाढवायला मी बसलोय, तू ओरडू नको.” हे तुमचं वाक्य पुष्कळ पुढाऱ्यांना ऐकवावंसं वाटतं.

प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची कॅसेट तुम्हीच ऐकायला दिलीत. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू, आणि गावोगावच्या व्याख्यानमालांचे लाडके वक्ते. मी शब्द टिपत बसलो होतो. तुम्ही म्हणालात, शब्द राहू दे, ते थांबतात कुठं ते ऐक.

मग गाडगेबाबा. १९५६ साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत मुंबईत झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण तुम्ही कितीदा लावलंत! बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त. साधा प्रश्न टाकायचा, लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचं, आणि त्या उत्तरालाच पुढचा प्रश्न जोडायचा. पाहता पाहता श्रोता आपल्याच तोंडानं कबूल करून बसतो की कर्ज काढून सण करणं चूक आणि पोरांना शाळेत न घालणं त्याहून चूक. दिवसा खराट्यानं गाव झाडणारा माणूस रात्री हे विचारायचा, म्हणून त्याला विचारायचा हक्क होता. हा हक्क आवाजातून येत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत.

मात्र एका गोष्टीसाठी तुमचे आभार सगळ्यात जास्त मानायचे आहेत. मोठ्या माणसांवर जीव जडला की आम्ही पोरं त्यांची लकब उचलायचो, त्यांच्याविरुद्ध ब्र ऐकून घ्यायचो नाही. तेव्हा तुम्ही बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचायला दिलंत. संविधान दुसऱ्याच दिवशी स्वीकारलं जाणार होतं. दुसरा कुणी असता तर अभिनंदनातच रमला असता. बाबासाहेबांनी धोके सांगितले: २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. आणि राजकारणातली विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. ज्यांचे फोटो आपण घरोघरी लावतो, त्यांनीच हे बजावून ठेवलंय! आनंदाच्या दिवशी आपल्याच लोकांना न आवडणारं सांगणं, यापेक्षा अवघड वक्तृत्व मला तरी ठाऊक नाही.

आता कधीमधी मलाही बोलायला बोलावतात. मुलं विचारतात, कुणाचे व्हिडिओ पाहू? मी त्यांना आधी मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांची रटाळ भाषणं ऐकायला लावतो. चिडतात बिचारी.

यंदा मालेत एक दिवस माझं व्याख्यान ठेवलंय. मशीन आता तुमचा मुलगा सांभाळतो, पण तुम्ही शेजारी येऊन बसाल तर बरं वाटेल. लांबलं तर नेहमीसारखा दिवा दोनदा मिचकवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
स्टुलावरचा पोरगा