थुंकीची नळी आणि पत्रिका

गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने यंदा पेढ्यांबरोबर जनुक (डीएनए) तपासणीची एक प्लास्टिकची नळीही आणली. तिच्यात थुंकायचे, पार्सल करायचे. काही आठवड्यांनी मोबाईलवर कळते की आपले पूर्वज कुठले, मधुमेहाचा धोका किती, टक्कल पडेल का. (टक्कलाचे सांगायला आमच्याकडे भिंतीवरचे फोटो पुरेसे आहेत.) वाडीतल्या चौघांनी लगेच किंमत विचारली. कुलवृत्तांतात आपले पान शोधणारी माणसे आपण, भुरळ पडणारच.

त्या थुंकीतली माहिती पुढे कुणाची, हे मात्र कुणी विचारले नाही. 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही या धंद्यातली मोठी अमेरिकी कंपनी. २०२३ मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जनुके कशी बदलणार? शिवाय माझ्या नळीत माझ्या भावंडांचीही अर्धी कुंडली जाते.

गंमत पुढेच आहे. याच वाडीत गेल्या वर्षी एका लग्नाआधी मी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची साधी रक्ततपासणी सुचवली. आईवडील दोघे वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. उत्तर आले, "आमच्या मुलीत काय खोट काढताय?" पत्रिका मात्र दोनदा दाखवून झाली होती.

– एक वाचक, गुहागर