सान्तियागोला निघालेल्या लेकीस

प्रिय बाय,

रविवारी फोनवर जे झालं ते झालं, ते उगाळायला हे पत्र नाही. सोमवारी तू स्पेनमधल्या सारियाहून सान्तियागोच्या चर्चपर्यंत, संत याकोबाच्या कबरीच्या यात्रेला, चालायला लागणार, शंभरावर किलोमीटर, तेही एकटी. म्हणून आजच लिहायला बसलो. गुडघ्याचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

तू म्हणालीस, "पप्पा, मी देवासाठी नाही चालत. आणि ते चर्च तरी कुठे जुनं आहे? पुढून नुसता थाट चढवलाय." पहिलं वाक्य मी गिळलं. दुसरं मात्र लागलं. उभा जन्म बांधकामाच्या साइटवर गेलेल्या बापाला असं बोलायचं नसतं.

थाट आहे, कबूल. चौकातून दिसतो तो दर्शनी भाग 1738 ते 1750 मधला, कासास नोव्होआ नावाच्या वास्तुकाराचा. पण त्याच्या पाठीमागे जाऊन बघ. मास्टर मातेओ या जुन्या शिल्पकाराची दगडी कमान तिथे आहे तशी उभी आहे, तिच्या दारावरच्या आडव्या दगडावर 1188 साल कोरलंय. नवं काम करणाऱ्यांनी जुनं पाडलं नाही, त्याच्यापुढे भिंत घेतली आणि उजेड आत यावा म्हणून मोठाल्या काचा ठेवल्या. तिकडच्या पावसात त्या मूर्ती आणि त्यांच्यावरचे रंग जे काही वाचले ते त्या आडोशाने. आपल्याकडे वेदी बदलली तेव्हा जुन्या सागवानाचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. असो.

त्या कमानीच्या मधल्या खांबावर पाच बोटांचे खळगे आहेत. आलेला प्रत्येक जण तिथे हात टेकायचा, शतकानुशतकं, त्याने संगमरवर झिजला. आता हात लावू देत नाहीत. तू लावशील, मला माहीत आहे. लावू नकोस.

पुढचा जिना दुहेरी आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. बघ, निघालाच विषय.

तुझ्या ऑपरेशननंतर आजीने मतमाऊलीच्या जत्रेत नवसाचा मेणाचा पाय घेतला होता. दुकानदार डावा देत होता, तिला उजवाच हवा होता. भर गर्दीत, उन्हात, ती त्याच्याशी हुज्जत घालत उभी, आणि तू कुबड्यांवर लाजेने लाल. "मेणाने लिगामेंट जुळत नाही गं," म्हणालीस. आजी म्हणाली, "मग तू चालून दाखव." ती आज असती तर तुझ्या आधी सारियाला पोहोचली असती.

मला त्या इमारतीतलं सगळ्यात काय आवडलं सांगू? आखणी. 1075 ला काम सुरू झालं तेव्हाच बांधणाऱ्यांनी धरून ठेवलं होतं की इथे पायी आलेल्या माणसांची रीघ लागणार. म्हणून बाजूच्या वाटा वेदीच्या मागून फिरवून आणल्या. मिस्सा चालू असली तरी यात्रेकरू एका अंगाने आत येतो, वेदीला वळसा घालून कबरीचं दर्शन घेतो आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडतो, कुणाचा खोळंबा नाही. वर दोन्हीकडे सज्जे. हे ज्याने आखलं त्याला गर्दी कळत होती.

त्याआधीचं चर्च 997 मध्ये कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनापती अल-मन्सूर याच्या फौजेने पाडलं होतं. कबरीला हात लावला नाही म्हणतात, घंटा मात्र कोर्दोबाला नेल्या. त्याचा राग पुढे मूर्तींतही उतरला. आत एक संत याकोब घोड्यावर तलवार उपसून बसलाय, आणि घोड्याच्या पायाखालच्या मूरांना, म्हणजे तिकडच्या मुसलमानांना, हल्ली फुलांनी झाकतात. मला तो याकोब आवडत नाही. यात्रेकरूसारखा काठी आणि शिंपला घेतलेला बरा.

आणि आता तुझ्या थाटाबद्दल. 1589 मध्ये इंग्रज येतील या धास्तीने संताचे अवशेष लपवून ठेवले, आणि पुढे ती जागाच कुणाला आठवेना. सापडले ते 1879 ला खोदकाम केल्यावर. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं लोक चालत येत होते आणि हाडं नक्की कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तुझी ती थाटाची भिंत नेमकी त्याच काळातली आहे. खाली काय आहे याचा पत्ता नसताना गवंड्यांनी बारा वर्षं दगडावर दगड चढवला. हाडं याकोबाचीच का, यावर इतिहासाची माणसं अजून भांडतात. भांडोत.

तू जात नाहीस रविवारच्या मिस्सेला, हे मला केव्हापासून कळलंय. आईला कळू दिलं नाही. बघ, आता फादरांसारखा बोलायला लागलो. राग मानू नकोस. एकटी मुलगी, परका देश, पावसात निसरडी वाट, आणि तो गुडघा. रात्री झोप लागत नाही, दुसरं काही नाही. पट्टा बॅगेत ठेवू नकोस, पायात घाल. दुखलं तर टॅक्सी कर, कागद गेला खड्ड्यात.

कागदावरून आठवलं. पोहोचल्यावर यात्रेकरूंच्या कचेरीत विचारतात, का चाललात? धर्मासाठी किंवा मनाच्या ओढीने म्हणणाऱ्याला लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं, तसं काही नसेल तर वेगळं. तिथे आमच्यासाठी खोटं सांगू नकोस. जो मिळेल तो घेऊन ये. आईने फ्रेमवाल्याला आत्ताच माप विचारून ठेवलंय, कुठला कागद येणार ते तिला मी सांगितलेलं नाही.

तुझा,
पप्पा

ता. क. रोज संध्याकाळी मेसेज. "पोचले" एवढा एक शब्द पुरे. गुडघ्याचं आईला कळव, मला ती सांगेल.