'शाप की वरदान' आता पुरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातवाने निबंधाची वही माझ्यापुढे आणून टाकली. तो सातवीत आहे. विषय होता 'मोबाइल : शाप की वरदान'. सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी, पुढे तीन फायदे, मग तीन तोटे आणि शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून योग्य वापर केला तर वरदान, नाहीतर शाप.' आठपैकी सात गुण. मी विचारले, "पण तुझं काय मत आहे?" तर म्हणाला, "आजी, मत लिहिलं की मार्क जातात."

सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवून मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे त्याच्या बाईंवर रागावण्याचा अधिकार मला नाही. मीही वर्षानुवर्षे हेच शिकवले. माझ्या वेळी मोबाइलच्या जागी दूरदर्शन होते, एवढाच काय तो फरक. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' यांना तास पुरत नसत आणि वैचारिक निबंध परीक्षेच्या तोंडावर, मुद्दे फळ्यावर लिहून देऊन, उरकला जाई. फळ्यावरचे मुद्दे साठ वह्यांमध्ये उतरत. मी त्या साठ वह्यांवर 'छान' असा शेरा मारत असे.

वाद घालायला पुणेकरांना काय शिकवायचे, असे कोणी म्हणेल. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आपल्याकडे चौकाचौकात काय चालते ते आपल्या पत्रव्यवहाराच्या सदराला चांगले ठाऊक असणार. पण 'मान दुखते', 'आधी खड्डे बुजवा' आणि 'आम्ही शहरात किती वेगाने जातो?' ही तीन वाक्ये एकापुढे एक म्हटली म्हणजे युक्तिवाद होत नाही. त्यातले एक तपासता येते, दुसरे विषयाला फाटा देते, तिसरे निदान ऐकून घेण्याजोगे आहे. हा फरक ओळखायचे वय मला विचाराल तर बारा-तेरा. त्या वयात मुले घरी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालतातच. शाळेत मात्र आपण त्यांच्या हातात नाणे देतो आणि दोन्ही बाजू रंगवायला सांगतो.

मी पर्वतीच्या पायथ्याशी राहते. शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीतली आणि शेजारच्या वस्तीतली मिळून पंधराएक मुले माझ्याकडे येतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने 2024 मध्ये शाळांना सांगितले. त्यावरून मी विषय दिला : 'सातवीचे वर्गही सकाळी नऊनंतर भरावेत.' अर्थातच सगळे एका पायावर तयार. एकाने लिहिले, 'झोप महत्त्वाची आहे. झोपेने आरोग्य चांगले राहते. आरोग्य हीच खरी संपत्ती आहे.' मी वह्यांची अदलाबदल करायला लावली आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायला सांगितला : 'कशावरून?' संपत्तीच्या वाक्याला काही उत्तर सापडेना, ते खोडले गेले. मग त्या मुलाने लिहिले, 'पहिला तास गणिताचा असतो. मी फळ्यावरचे उतरवून घेतो, पण घरी आल्यावर मी काय उतरवले तेच मला कळत नाही.' मोबाइलवरून तयार निबंध उतरवून आणणाऱ्या मुलांच्या या काळात असे वाक्य वाचले की बरे वाटते. ते कुठून उतरवता येत नाही.

एक मुलगी म्हणाली, "मग रात्री लवकर झोप की!" तो चिडला. "आमची एकच खोली आहे. बाबा दुकान बंद करून साडेदहाला येतात, मग जेवणं होतात. दिवा कोण बंद करणार?" मी म्हटले, हेच लिही. पण आधी तिचे म्हणणे लिही, ती म्हणाली तसेच, तिला वाचून दाखवल्यावर 'हो, मी हेच म्हटलं' असे ती म्हणेल इतके नीट. मग तुझे उत्तर.

ही काही माझी युक्ती नाही. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरच्याचे म्हणणे आधी मांडायचे, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मगच खंडनाला हात घालायचा. मुलांना पूर्वपक्ष हा शब्द सांगायची गरज नाही, पण ती शिस्त त्यांना जमते. शाळांच्या वादविवाद स्पर्धांत उलट होते. तिथे बाजू चिठ्ठीने मिळते, भाषण घरचे कोणीतरी लिहून देते आणि हातवाऱ्यांना गुण असतात.

पुढची गंमत अशी झाली की, एका मुलाने आणखी एक अडचण काढली. त्याची शाळा दोन अधिवेशनांत भरते, इमारत एकच. सकाळचे अधिवेशन नऊला सुरू केले तर दुपारचे सुटायला अंधार पडेल आणि त्याची बहीण दुपारच्या अधिवेशनात आहे. गणितवाला बराच वेळ पेन्सिल चावत बसला. शेवटी त्याने लिहिले, 'या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळा सातला भरली तरी चालेल, पण निदान पहिला तास गणिताचा नसावा.' त्याचे मत लहान झाले, पण आता ते त्याचे होते. शाळेच्या परीक्षेत 'माझ्याकडे उत्तर नाही' या वाक्याला किती गुण मिळाले असते? मी शिकवत असताना त्याखाली लाल रेघ मारली असती.

या वयाच्या मुलांना हे झेपत नाही असे म्हणणाऱ्यांना मी मुक्ता साळवेची आठवण देते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने छापला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. म्हणजे आजची आठवी-नववी. त्या निबंधातले दुःख आपण भाषणांत सांगतो, त्यातली तर्काची पकड मात्र कोणी उलगडून दाखवत नाही. वेद फक्त आमचेच, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे ती क्षणभर मान्यच करते. तसे असेल तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, आणि पुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता? विरोधकाच्याच विधानावर उभे राहून ती त्याला कोंडीत पकडते. हा निबंध सातवी-आठवीच्या वर्गात ओळीओळीने, 'हे वाक्य इथेच का आले?' असे विचारत शिकवावा. तिच्या जयजयकाराचा फलक शाळेत नसला तरी चालेल.

शिक्षकांची बाजूही सांगते, नाहीतर माझाच पूर्वपक्ष राहून जाईल. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येक वहीला दहा मिनिटे दिली तरी दहा तास होतात, आणि असे दोन-तीन वर्ग असतात. वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. फायदे-तोट्यांचा साचा आळसातून आलेला नाही, तो तपासायला लवकर होतो म्हणून टिकला आहे. म्हणून माझे म्हणणे, पूर्ण निबंध लिहून घेऊच नये. महिन्यातून एकदा एकच परिच्छेद : एक विधान, एक कारण, स्वतः पाहिलेला एक दाखला आणि समोरच्याचा एक आक्षेप. 'कशावरून?' मुलांनीच एकमेकांना विचारावे. बाईंनी फक्त आक्षेप प्रामाणिकपणे लिहिला आहे का, एवढे पाहावे आणि त्यालाच गुण द्यावेत.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. निबंध स्पर्धांचे निकाल आपण छापता, पण ते निबंध कधी वाचायला मिळत नाहीत. त्याऐवजी महिन्यातून एकदा एकाच विषयावर सातवीतल्या दोन मुलांचे दोन परिच्छेद समोरासमोर छापावेत. विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातला असावा : दप्तर, शाळेची व्हॅन, विसर्जन मिरवणुकीतला ढोल. क्रमांक नको, बक्षीस नको. शुद्धलेखन हवे तर सुधारा, पण शेवटी 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' असे कार्यालयातून कोणी जोडू नये. आणि शब्दमर्यादा दीडशेची ठेवावी. माझी आज सुटली आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पर्वती, पुणे