शनिवारच्या दुपारींबद्दल

आदरणीय मावशी,

सप्रेम सलाम.

पत्रात नाव घालायचे नाही असे तुम्ही बजावले आहे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, उभे राहून आभार मानलेले तर तुम्हाला मुळीच चालणार नाहीत. म्हणून हे उघडे पत्र बिननावाचे. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, कारण कोल्हापुरातला आपला ख्रिस्ती समाज काही एवढा मोठा नाही.

माझा धाकटा भाऊ प्रभूमध्ये निजला, त्याला येत्या महिन्यात दोन वर्षे होतील. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा, रविवारी उपासनेत ढोलकी धरणारा, एकोणचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. रात्री छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत सगळे संपले. दफनविधीला मंडळी लोटली. नंतरच्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाने चांगल्या मनाने काहीतरी सांगितले. प्रभूला तो अधिक प्रिय होता, यामागे देवाची काही योजना असेल, तू खंबीर राहा. शेजारच्या काकूंनी दहाव्याचे विचारले, तेव्हा आपल्यात तसे काही नसते हे सांगताना मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना निदान पंचगंगेच्या घाटावर जाऊन कावळ्याची वाट पाहता येते. आपण मृतासाठी प्रार्थनाही करीत नाही. माती दिली की हातांना काम उरत नाही, आणि मग रिकाम्या हातांनी माणूस प्रश्न विचारू लागतो.

माझा प्रश्न एकच होता. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी जी प्रार्थना केली, ती कोणी ऐकत होते का? हे मोठ्याने विचारण्याची मला लाज वाटे. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या गावात सुरू झालेल्या कामातून जी घरे ख्रिस्ती झाली, त्यांतले आमचे एक. चार पिढ्यांचा विश्वास माझ्या एका शंकेने मोडतो आहे असे वाटे. (माणूस दुःखातही चारचौघांत कसे दिसेल याचा विचार करतो, हे मला तेव्हा कळले.) मी उपासनेला जात राहिले, परंतु विश्वासांगीकारात, म्हणजे सर्वांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, ‘देहाचे पुनरुत्थान’ ही ओळ आली की माझे ओठ मिटत.

ते तुमच्या लक्षात आले. तुम्ही त्याबद्दल अवाक्षरही न काढता पुढच्या शनिवारी दुपारी मेथीची जुडी घेऊन आलात आणि ती निवडत बसलात. असे चार-पाच शनिवार गेले असतील. पवित्र शास्त्रातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, आणि तोंड उघडल्यावरच त्यांचे चुकत गेले, ही गोष्ट तुम्हीच मला नंतर सांगितलीत. त्या गोष्टीतून तुम्ही स्वतःसाठी काय घेतले होते, ते मला आपोआप समजले.

मग एका शनिवारी तुम्ही अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचलेत. ज्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो, ज्यात तक्रार करणाऱ्याला उत्तर मिळत नाही, असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे हे मला चाळीस वर्षे मंडळीत बसूनही ठाऊक नव्हते. वाचून झाल्यावर तुम्ही प्रार्थना केली नाहीत. शास्त्र मिटलेत आणि चहा ठेवायला उठलात. त्या न केलेल्या प्रार्थनेबद्दल मी तुमची सर्वांत अधिक ऋणी आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायावर, म्हणजे मार्था आणि मरीया यांचा मेलेला भाऊ लाजर याला येशू उठवतो त्या गोष्टीवर, तर आपण अनेक दुपारी घालवल्या. ‘आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता,’ हे मार्था येशूला म्हणते आणि थोड्या वेळाने मरीयाही तेच म्हणते. चार दिवस त्या घरात दोघी बहिणी एकमेकींजवळ हेच बोलत असणार, असे तुम्ही म्हणालात. एकाच वाक्यावर मार्थेला पुनरुत्थानाची शिकवण मिळाली आणि मरीयेला येशूचे अश्रू. पण बोल कोणालाच लागला नाही. मी चिडून म्हटले, ‘पण मावशी, त्यांचा लाजर परत आला.’ तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, ‘आला खरा. पुढे कधीतरी पुन्हा मेलाही असेल. तेव्हा बहिणींनी काय केले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.’ पहिल्यांदाच त्या दिवशी मला हसू आले, आणि हसता हसता रडूही.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. मधल्या महिन्यांतही त्यांनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही. हे सांगून ‘त्यांच्यासारखी हो’ असे तुम्ही म्हणाल, या भीतीने मी अंग चोरून बसले होते. तुम्ही एवढेच म्हणालात की, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्यांनीही हिब्रूतून मराठीत आणले असणार.

माझ्या मिटलेल्या ओठांबद्दल तुम्ही एकदाच बोललात: ‘ती ओळ सध्या मंडळी तुझ्यासाठी म्हणेल. तू नुसती उभी राहा.’ गेल्या रविवारी मी विश्वासांगीकार बराचसा म्हटला. त्या ओळीपाशी माझा आवाज पुन्हा थांबला. शेजारी तुमचा चालू होता, थोडा कापरा, आणि नेहमीपेक्षा जरा मोठा.

आपली नम्र,
एक भगिनी, कोल्हापूर