तुझ्या फोटोला ‘मस्त’ म्हणालो, ते मागे घेतो

नाशिक,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

मंगळवारी तू गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीचा पुरातला फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "कसा वाटला? खरं सांग." मी तेव्हा द्वारका चौकाच्या सिग्नलला उभा होतो. गाडीवर बसल्या बसल्या ‘मस्त’ लिहिलं, एक अंगठा टाकला, तेवढ्यात सिग्नल सुटला. फोटो मी धड पाहिलाही नव्हता. पाच दिवस हे मनात सलतंय. खरं सांग म्हणणारा माणूस तू, आणि तुलाच मी खोटं सांगितलं.

म्हणून आज जेवण झाल्यावर तो फोटो घरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडला, खोलीतला दिवा मालवला आणि पाऊण तास त्याच्यासमोर बसलो. ते ‘मस्त’ मागे घेतो. त्याच्या बदल्यात हे पत्र.

आधी डोळा कुठे जातो ते सांगतो, आपल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे. डोळा थेट मारुतीवर जातो. फ्रेमच्या मध्यावर शेंदरी मूर्ती, छातीला लागलेलं पाणी, मागे पावसात धुरकट झालेला नारोशंकराच्या देवळाचा कळस. नाशिककराला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतं, पण घराघरांत विचारतात ते एवढंच, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघा, कंबर, छाती, गळा. १९६९ चा पूर, २००८ चा पूर, २०१९ चा पूर, सगळे आपल्याकडे याच मापाने लक्षात राहिलेत. पुण्यात तीन वर्षं काढूनही पाणी वाढल्याचं कळताच तू पहाटेची गाडी पकडून आलास, यातच सगळं आलं.

आता डोळा कुठे अडखळतो ते.

शेंदराचा रंग तू फार ताणलास. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की लाल-केशरी भागातले बारकावे सगळ्यात आधी जातात. मूर्तीवर वर्षानुवर्षं चढलेले शेंदराचे थर, त्यांवरून उतरलेले पावसाचे ओघळ, हे सगळं एका सपाट केशरी पट्ट्यात मिसळून गेलंय. हिस्टोग्राममध्ये, त्या उजेडाच्या आलेखात, नुसता लाल चॅनेल उघडून बघ, उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला दिसेल. आभाळही निळसर केलंयस. ऑगस्टमधलं आपलं आभाळ ओल्या पाटीसारखं करडं असतं, आणि त्या करड्याखालीच गोदावरीचा गढूळ रंग खुलतो. फोटो काढताना तू माझ्याशेजारी उभा होतास, आभाळ कसं होतं ते तुलाही ठाऊक आहे.

दुसरं, शटर. फोटोच्या माहितीत १/१२५० सेकंद दिसतंय. त्या वेगाला पाणी जागच्या जागी थिजलं आणि पूर नांगरलेल्या रानासारखा दिसायला लागला, सगळी ढेकळं. उजेड कमीच होता. लेन्सचं छिद्र बारीक करून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) खाली आणून १/३० पर्यंत सहज उतरता आलं असतं. कठड्याला कोपर टेकवायचं, श्वास धरायचा, दहा फ्रेम घ्यायच्या. दोन तरी न हललेल्या निघाल्या असत्या. मारुती उभा राहिला असता आणि पाणी त्याच्याभोवती धावलं असतं.

एवढं तांत्रिक तुला आपल्या फोटोंच्या ग्रुपमधल्या कुणीही सांगितलं असतं. खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, पण त्याच्याआधी गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तू तेव्हा नव्हतास, आणि मी ती तुला कधी सांगितली नाही.

तू जाताना ग्रुपला एक नियम घालून दिला होतास: रविवारी रात्री प्रत्येकाने एकच फोटो टाकायचा आणि दुसऱ्याच्या फोटोवर किमान तीन वाक्यं लिहायची. डोळा आधी कुठे गेला, कुठे अडखळला, मी असतो तर काय केलं असतं. नुसतं ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ चालायचं नाही. तू गेल्यावर काही महिने तो पाळला. मग सणवार आले, एकाची बदली झाली, एकाने नवी लेन्स घेतली आणि रोज सात-सात फोटो टाकायला लागला. हळूहळू फुलं, हात जोडलेले, आगीच्या ज्वाळा एवढंच खाली उरलं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मग मी ठरवलं की निदान मी तरी रोखठोक लिहीन. इथेच माझी चूक झाली.

निफाडकडची एक मुलगी ग्रुपमध्ये नवीन आली होती. इथे कॉलेज रोडला शिकते, सिडकोत खोली घेऊन राहते, कॅमेरा नाही, जुना मोबाइल आहे. तिने पहिलाच फोटो टाकला तो घरच्या द्राक्षबागेचा. मांडवाखाली तिची आई घडांतले जादा मणी कापून विरळणी करतेय, हातात छोटी कात्री, मागून दुपारचं ऊन. मी फोनवरच बघितला आणि लिहिलं: "पार्श्वभूमी जळाली आहे. चेहरा पूर्ण काळा. क्षितिज कललंय. उजेडाच्या विरुद्ध फोटो काढण्याआधी एक्सपोजर शिकून घे." तीनऐवजी चार वाक्यं झाली, नियमात बसलं. त्यानंतर तीन आठवडे ती काही बोलली नाही, फोटो नाही, प्रतिक्रिया नाही.

मला उत्तर दिलं ते आपल्या प्रेसवाल्या काकांनी. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले, तुझ्या लक्षात असतील, भिंग घेऊन प्रिंट बघणारे. त्यांनी तो फोटो दुकानात जाऊन आठ बाय बाराचा काढून आणला आणि मला घरी बोलावलं. चहा पुढे ठेवला आणि फोटो माझ्या हातात उलटा दिला, डोकं खाली, पाय वर. म्हणाले, "आता सांग काय दिसतंय." उलटा धरल्यावर ती बाई राहिली नाही, बाग राहिली नाही, नुसता उजेड आणि अंधार उरला. मांडवाच्या पानांतून आलेले उन्हाचे ठिपके एका ओळीत खाली उतरत होते आणि बरोबर कात्रीच्या टोकावर येऊन थांबत होते. मग त्यांनी तो सुलटा केला आणि भिंग दिलं. ज्याला मी काळा चेहरा म्हणालो होतो, त्यात कपाळावरचा घाम चमकत होता आणि कापल्या जाणाऱ्या मण्याकडे रोखलेली नजर स्पष्ट दिसत होती. तिच्या बोटांना चिकटलेला एक हिरवा मणी मला फोनवर दिसलाच नव्हता. काका एवढंच म्हणाले, "भर दुपारी मांडवाखाली माणूस असाच दिसतो. तिने जे बघितलं तेच काढलंय."

क्षितिज कललं होतं हे खरं आहे, आणि मागचं ऊनही थोडं जळालं होतं. ते मी नाकारत नाही. पण मी फोटो न बघता फोटोतल्या चुका मोजल्या होत्या. त्या रात्री तिला मोठं पत्र लिहिलं, पहिल्यांदा माफी आणि मग सगळं जे मला भिंगातून दिसलं ते. तिचं उत्तर आलं: "आईला दाखवलं. ती म्हणाली, मणी चिकटलेला कळला म्हणजे यांनी नीट पाहिलंय." पुढच्या रविवारी तिने दुसरा फोटो टाकला, यावेळी क्षितिज सरळ होतं.

तेव्हापासून काकांनी आम्हां सगळ्यांना उलटा करून बघायची सवय लावली. त्यांना सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचं फार वेड. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस १९१२ मध्ये महिनाभर रोज एका वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून बसला आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत एकेक चित्र टिपत गेला, ही गोष्ट ते दर दोन महिन्यांनी सांगतात. मी दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो, कारण मला ती खरोखर आवडते.

बघायला मला पहिल्यांदा शिकवलंस ते तूच, हेही लिहून ठेवतो. नांदूर मध्यमेश्वरला आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याला रामसरचा, म्हणजे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला नव्हता. तो जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला, असा दर्जा मिळालेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. मी चापडगावच्या मनोऱ्यावरून खाली झूम करून हळदीकुंकू बदकांचे साठ-सत्तर फोटो काढले आणि खूश होतो. तू एकेक बघून म्हणालास, "सगळ्यांच्या पाठी दिसतात. वरून बघितलं की बदक नुसता ठिपका होतं." मग आपण खाली बांधावर उतरलो आणि चिखलात पोटावर पडून राहिलो, कोपरं रुतली, लेन्स पाण्याच्या पातळीला. पाऊण तासाने एक जोडी वळली. चोचीचं पिवळं टोक, मुळाशी ते लाल टिपके, आणि डोळ्यात आभाळाचा इवला तुकडा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते नाव त्यांना का पडलं. पूर्ण परतीच्या वाटेवर मी तो एकच फोटो उघडून बघत होतो. त्याच दिवशी घरट्याजवळ कुणी तरी जात होतं, तर त्याला तू मागे ओढलंस. तो नियम आजही ग्रुपमध्ये टिकून आहे, घरट्याचा फोटो आला की कौतुक न करता तो डिलीट करायला सांगतो.

आता तुझ्या फोटोकडे परत येतो.

आज तो मी उलटा केला. मारुती मारुती राहिला नाही, एक केशरी डाग झाला, आणि गंमत म्हणजे डोळा तिथे थांबेचना. तो वर उजवीकडे गेला, म्हणजे मूळ फोटोत डावीकडे खाली, अगदी कडेला. तिथे एक निळा तुकडा होता. सुलटा करून तिथे दोनशे टक्के मोठं केलं. निळं मेणकापड आहे ते. गुंडाळून काखेत धरलंय एका माणसाने. घाटावर पूजेचं सामान विकणाऱ्यांतला असावा, पायाशी पितळी समयांचं टोपलं आणि दोऱ्याने बांधलेली करंड्यांची चळत आहे. धोतराचा सोगा वर खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. पायऱ्यांवरची बाकी सगळी माणसं मोबाइल वर करून मारुतीकडे बघतायत, तू धरून, मी धरून. तो एकटाच खाली बघतोय, बहुतेक जिथे त्याची फळी लागायची त्या पाण्याकडे. आणि त्याचा डावा हात तुझ्या फ्रेमने मनगटापाशी कापलाय.

मित्रा, तुझा फोटो तिथे आहे. मारुती मागे राहू दे, थोडा धूसर झाला तरी चालेल, तो कुणाचाही असेल तरी ओळखू येतोच. पण त्या पुरात ज्याचं काही गेलं तो माणूस तुझ्या कॅमेऱ्यात आलाय आणि तुला ते माहीत नाही. तुझं लक्ष जिथे होतं तिथेच माझंही होतं, मी तुझ्याशेजारीच उभा होतो, म्हणून तुला दोष देत नाही. मलाही तो माणूस आज, पाच दिवसांनी, अंधाऱ्या खोलीत दिसला.

तू त्या दिवशी बर्स्टवर, एका दमात अनेक फ्रेम घेत होतास, मला शटरचा आवाज आठवतोय. म्हणजे या फ्रेमच्या मागच्या-पुढच्या दहा-बारा तरी असतील. त्यांतल्या एखादीत तू कॅमेरा जरा डावीकडे नेला असशील आणि तो हात पूर्ण आला असेल. डिलीट केलं नसशील तर सगळ्या रॉ फाइल पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे दाबून लहान होतात आणि नेमके असे कोपरेच मरतात. ड्राइव्हवर टाक. रंग बदललेला फोटो नको, जसा निघाला तसा दे.

आणि पुन्हा रविवारी ग्रुपमध्ये ये. इन्स्टावर तुझ्या फोटोंना हजार लोक लाइक देतात ते मी बघतो, मला आनंदही होतो. पण तिथे तुला मनगट कापलंय असं कुणी सांगणार नाही. काका दर वेळी तुझी विचारपूस करतात. त्या निफाडच्या मुलीला तू अजून भेटलेला नाहीस.

पाणी उतरलंय. घाटावरचा गाळ काढायचं काम परवापासून सुरू झालं. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी मी रामकुंडावर जातो आणि त्या पायऱ्यांवर निळं मेणकापड पुन्हा लागलंय का ते बघतो. तो भेटला तर त्याला हा फोटो दाखवायचा का, ते तू कळव. फोटो तुझा आहे.

तुझाच,
शेजारी उभा असलेला